हॅम्बुर्गची टीम, पनवेल-कोल्हापूरची माणसं : भरतीच्या नोंदी

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार

तीन जागांना मंजुरी मिळाली. आम्ही हॅम्बुर्गमध्ये कंटेनर टर्मिनलांसाठी सॉफ्टवेअर बनवतो. कुठला कंटेनर यार्डात कुठे ठेवायचा, कुठल्या ट्रकने किती वाजता गेटवर यायचं, जहाजावरून काय उतरलं हे शिपिंग लाइनला कसं कळवायचं, अशी कामं. इथल्या जागा बरेच महिने रिकाम्या पडल्यात. बाहेरच्या देशातले, तिथेच राहून काम करणारे डेव्हलपर घ्यावेत हा विषय बैठकीत निघाला तेव्हा सगळ्यांच्या तोंडी पहिली गोष्ट खर्चाची होती. मी भारताचं नाव सुचवलं ते वेगळ्या कारणाने. न्हावा शेवा. उरणच्या त्या बंदरामुळे पनवेल-नवी मुंबईपासून पुण्यापर्यंत टर्मिनल, शिपिंग लाइन आणि सीएफएस (कंटेनरमध्ये माल भरण्या-उतरवण्याची केंद्रं) यांच्या सिस्टिमवर वर्षानुवर्षं काम केलेली माणसं आहेत. बॅपली म्हणजे जहाजावर कुठल्या बेमध्ये, कितव्या थरात कुठला कंटेनर आहे हे सांगणारा, एडिफॅक्ट या ठरलेल्या साच्यातला संगणकी संदेश, हे त्यांना समजावून सांगावं लागत नाही. हॅम्बुर्गमध्ये नव्या माणसाला हे अंगवळणी पडायलाच एक हंगाम जातो.

माझी अट मी मंजुरीच्या कागदावरच लिहून दिली: ही माणसं आमच्या टीमची असतील. करारात, रजेत, कोडबद्दलच्या निर्णयात, सगळीकडे. तेवढं जमणार नसेल तर हा प्रकल्प माझ्याकडे देऊ नका.

१० फेब्रुवारी

तीन रस्ते आहेत. आज दिवसभर तेच मांडत बसले होते.

पहिला, स्वतःची भारतीय कंपनी काढणं. प्रायव्हेट लिमिटेडला किमान दोन संचालक आणि दोन भागधारक लागतात. संचालकांपैकी एक तरी वर्षात किमान १८२ दिवस भारतात राहणारा हवा. आयटी क्षेत्रात १०० टक्के परकी गुंतवणुकीला पूर्वपरवानगी लागत नाही, पण शेअर वाटल्यावर ३० दिवसांत रिझर्व्ह बँकेकडे विवरण भरावं लागतं. मग दरवर्षीचं ऑडिट, आणि जर्मन कंपनी भारतीय कंपनीला कामाचा मोबदला किती देते याचा ट्रान्सफर प्रायसिंगचा हिशेब. पन्नास माणसांसाठी हे सगळं करण्यात अर्थ आहे. तिघांसाठी नाही.

दुसरा, प्रत्येकाला फ्रीलान्सर म्हणून घेणं. महिन्याला एक इनव्हॉइस आली, युरो पाठवले, संपलं. आमच्या वित्तप्रमुखांना हाच आवडलाय.

तिसरा, एम्प्लॉयर ऑफ रेकॉर्ड, म्हणजे ईओआर. भारतात नोंदलेली एक कंपनी कागदोपत्री मालक होते. पगार, टीडीएस, पीएफ, प्रोफेशनल टॅक्स ती सांभाळते आणि माणूस काम आमचं करतो. त्या कंपनीला दर माणशी मासिक शुल्क द्यावं लागतं.

वित्तप्रमुखांचा प्रश्न रास्त होता: हे शुल्क भरून आपल्याला काय मिळतं? मी म्हटलं, आपल्याला थोडंच मिळतं. मिळतं ते त्यांना, आणि म्हणून चांगली माणसं येतात आणि टिकतात. रोज ठरलेल्या वेळी हजर राहणारा, आपल्याशिवाय दुसरा ग्राहक नसलेला, आपण सांगू तेच काम करणारा माणूस 'स्वतंत्र व्यावसायिक' म्हणून दाखवणं जर्मनीत चालत नाही. इथे त्याला खोटा स्वयंरोजगार म्हणतात आणि मालकाकडून सामाजिक विम्याची मागची सगळी वर्गणी वसूल करतात. जे आपण हॅम्बुर्गमधल्या माणसाशी करणार नाही ते पनवेलमधल्या माणसाशी का करायचं? याला त्यांच्याकडे उत्तर नव्हतं. निर्णय पुढच्या आठवड्यात.

१८ फेब्रुवारी

ईओआर ठरलं.

त्यांचा मसुदा करार वाचला. सरळ सही करण्यासारखा तो नाही. तीन ठिकाणी लाल शाई.

एक, पीएफ. मसुद्यात मालकाची वर्गणी महिना १,८०० रुपये, म्हणजे १५,००० रुपयांच्या वेतनमर्यादेवर १२ टक्के. कायद्याने तेवढंच सक्तीचं आहे आणि खूप कंपन्या तेवढंच भरतात. पण मूळ वेतन त्याच्या कितीतरी पट असताना निवृत्तीच्या पैशाचा हिशेब १५,००० वर धरणं मला पटत नाही. पूर्ण मूळ वेतनावर १२ टक्के, असं लिहायला लावलं. आणि ही रक्कम ठरलेल्या सीटीसीतून, म्हणजे माणसामागच्या एकूण पगारखर्चातून, कापायची नाही, वर द्यायची.

दोन, नोकरी सोडल्यावर वर्षभर स्पर्धक कंपनीत जायचं नाही हे कलम. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २७ प्रमाणे नोकरी संपल्यानंतरची अशी बंदी न्यायालयात टिकत नाही. जर्मनीत ती घालता येते, पण त्या काळात मालकाला शेवटच्या मिळकतीच्या निदान निम्मी भरपाई द्यावी लागते. म्हणजे इथे पैसे मोजून मिळणारी गोष्ट तिथे फुकट, नुसत्या भीतीवर मिळवायची. काढून टाकलं.

तीन सगळ्यात नाजूक. भारतीय कॉपीराइट कायद्यात संगणक प्रोग्रॅम ही साहित्यकृती धरली जाते आणि नोकरीच्या ओघात लिहिलेल्या कृतीचा पहिला हक्कदार मालक असतो, कलम १७. इथे कागदोपत्री मालक कोण? ईओआर कंपनी. आमच्या टर्मिनलचा कोड अशा कंपनीच्या नावावर जन्माला येणार जिने त्यातली एक ओळही पाहिलेली नाही. म्हणून डेव्हलपर ते ईओआर आणि ईओआर ते आम्ही, अशी दोन्ही हस्तांतरणं लेखी हवीत. पहिलं मसुद्यात होतं, दुसरं मोघम होतं. वकिलांकडे पाठवलंय.

५ मार्च

मुलाखतीची पद्धत ठरवली. पाठ करून येता येतं असं कोडं द्यायचं नाही, घरी करायला दोन दिवसांचं काम द्यायचं नाही. नोकरी सांभाळून, घर सांभाळून शनिवार-रविवार आपल्याला फुकट द्यावा ही अपेक्षाच चुकीची आहे. दीड तास, आमच्यापैकी एकासोबत बसून, खऱ्या कामातला एक तुकडा.

तुकडा कंटेनर क्रमांकाचा. आयएसओ ६३४६ प्रमाणे चार अक्षरं, सहा आकडे आणि शेवटी एक पडताळणी अंक. अक्षरांना १० पासून ३८ पर्यंत किमती, त्यात ११, २२, ३३ वगळायचे. प्रत्येक स्थानाची किंमत दोनच्या चढत्या घातांनी गुणायची, बेरजेला ११ ने भागायचं, बाकी म्हणजे पडताळणी अंक. बाकी १० आली तर अंक शून्य. हा कोड लिहायला वेळ लागत नाही. गंमत पुढे आहे: बाकी १० आणि बाकी ०, दोन्हींचा अंक शून्यच येतो. म्हणजे काही चुका ही पडताळणी पकडू शकत नाही. मग गेटवर कॅमेऱ्याने वाचलेला क्रमांक बरोबर की चूक हे कसं ठरवाल? उमेदवार इथून पुढे काय विचारतो ते मला ऐकायचंय.

१४ मार्च

पनवेलच्या उमेदवाराची मुलाखत. शून्याचा घोळ तिने मी सांगायच्या आत पकडला. बाकी १० येईल असे अनुक्रमांक वापरूच नयेत अशी मानकात शिफारस आहे, पण यार्डात तसे डबे दिसतात, हेही तिनेच सांगितलं. मग म्हणाली, "नुसत्या क्रमांकावर विसंबू नका. कोप्रार संदेशात त्या जहाजावरून काय उतरायचं, काय चढायचं याची यादी आलेलीच असते. कॅमेऱ्याने वाचलेला डबा त्या यादीत शोधा, एखादाच आकडा वेगळा असेल तर माणसाला दाखवा." आमच्या पुढच्या सहामाहीच्या आराखड्यातलं काम तिने दहा वाक्यांत मांडून ठेवलं. माझे जर्मन सहकारी मुलाखत संपल्यावर थोडा वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, हिला घ्याच.

शेवटी तिने प्रश्न विचारले. पहिला: सॅलरी स्लिप मिळणार ना? फॉर्म १६? तिच्या घराचं कर्ज मंजूर व्हायचंय. नोकरदाराला बँक तीन महिन्यांच्या स्लिपा आणि फॉर्म १६ मागते, फ्रीलान्सरला मागची दोन-तीन वर्षांची विवरणपत्रं. परदेशी कंपनीचं काम इनव्हॉइसवर घेतलेल्या तिच्या एका मैत्रिणीचं कर्ज याच कारणाने अडलंय. हा प्रश्न मी जसाच्या तसा वित्तप्रमुखांना लिहून पाठवला.

दुसरा प्रश्न विचारताना तिने शब्द जपून वापरले: "मातृत्व रजेबद्दल तुमचं धोरण काय?" भारतात पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवडे पगारी रजा आहे, २०१७ च्या दुरुस्तीपासून. या पगाराच्या पातळीवर तो भार पूर्णपणे मालकावर पडतो. जर्मनीत बाळंतपणाच्या रजेत मालकाने भरलेली रक्कम त्याला विम्यातून परत मिळते, त्यामुळे बाईला नोकरी देताना इथल्या छोट्या कंपनीला ती भीती नसते. ईओआरमार्फत हा खर्च आमच्याच बिलात येणार, हे मी आधीच अंदाजपत्रकात धरून ठेवलं होतं. तिला तसं सांगितलं. आकड्यासकट.

३१ मार्च

काल पाडवा, आणि कालच युरोपातली घड्याळं एक तास पुढे गेली. हिवाळ्यात हॅम्बुर्ग आणि भारत यांत साडेचार तास, आजपासून साडेतीन. हॅम्बुर्गचे सकाळचे नऊ म्हणजे भारतात काल-परवापर्यंत दुपारचे दीड, आता साडेबारा.

अमेरिकेसाठी काम करणारे माझे पुण्यातले मित्र रात्री साडेनऊला कॉलवर बसतात. ते आम्हाला करायचं नाही आणि करायची गरजही नाही. एवढा जवळचा वेळपट्टा मिळालाय तर तो नीट वापरायचा. नियम असा: सगळ्यांची एकत्र वेळ हॅम्बुर्गच्या नऊ ते एक. त्याच्या बाहेर कुणालाही बैठकीला बोलवायचं नाही. भारतातल्या माणसाची सकाळ त्याची स्वतःची, शांत कामाची. हॅम्बुर्गकरांची दुपार त्यांची.

रोजचं स्टँडअप, म्हणजे टीमची छोटी बैठक, साडेनऊला आहे. ते आता भारतात दुपारी एकला पडणार, ऐन जेवणाच्या वेळी. उन्हाळ्यापुरतं दहाला नेलं. दोन जर्मन सहकाऱ्यांना मुलांच्या शाळेमुळे साडेनऊच सोयीचं होतं, त्यांनी कुरकुर न करता बदललं. घड्याळ इथे बदलतं, मग जुळवून घ्यायचं ते इथल्यांनी, हे त्यांनाच मान्य होतं.

१६ एप्रिल

तीन होकार. पनवेल, कोल्हापूर आणि पुणे.

पुण्याच्या आणि पनवेलच्या उमेदवारांना ९० दिवसांची नोटीस आहे. मला वाटलं होतं इथे सगळे चकित होतील, पण जर्मनीतही अनुभवी माणसाच्या करारात तीन महिने नेहमीचेच. वेगळेपण पुढे आहे. इथे सही केलेला माणूस सहसा येतोच. तिथे नोटिशीचे ९० दिवस म्हणजे आणखी चार कंपन्यांचे फोन, जुन्या मालकाची पगारवाढ, आणि रिलीव्हिंग लेटर अडकण्याची धास्ती. याचा दोष मी उमेदवारांना देत नाही. तीन महिने माणसाला अधांतरी ठेवायचं आणि त्याने इकडेतिकडे बघूही नये म्हणायचं, हे जमणारं नाही. आमच्याकडून एवढंच होईल की दर पंधरा दिवसांनी टीममधला कुणीतरी बोलेल, सीटीसीची फोड आज लेखी जाईल आणि त्यात नंतर काही बदलणार नाही.

९ मे

डेटा. मला वाटलं होतं त्यापेक्षा मोठं काम निघालं.

गेटच्या नोंदींत ट्रकचालकाचं नाव, गाडीचा नंबर, कधी मोबाइलही असतो. युरोपच्या जीडीपीआर या डेटा-संरक्षण कायद्याखाली हा वैयक्तिक डेटा. तो भारतातून नुसता स्क्रीनवर पाहिला तरी ते परदेशी हस्तांतरण धरलं जातं. भारताला युरोपीय आयोगाचा पुरेशा संरक्षणाचा निर्णय मिळालेला नाही, त्यामुळे आयोगाने अशा हस्तांतरणासाठी ठरवलेली जून २०२१ ची प्रमाण करारकलमं घ्यावी लागतात, आणि युरोपीय न्यायालयाच्या २०२० च्या श्रेम्स प्रकरणातल्या दुसऱ्या निकालापासून त्या देशातल्या सरकारी पाहणीच्या कायद्यांचा लेखी आढावाही. शिवाय आमचे ग्राहक म्हणजे टर्मिनलं, त्यांनाही आधी कळवायला हवं.

कागद करूच. पण खरा मार्ग दुसरा आहे: डेव्हलपरला खऱ्या चालकाचं नाव दिसायची गरजच काय? चाचणीसाठी रचलेला डेटा वापरायचा. क्रमांक पडताळणीत बसणारे, जहाजं काल्पनिक, चालकांची नावं बनवलेली. चालू सिस्टिमवरचा प्रवेश युरोपातल्या दोघांपुरताच. हे आम्ही हॅम्बुर्गमध्येही फार पूर्वी करायला हवं होतं असं आमचे डेटा-संरक्षण अधिकारी म्हणाले, म्हणून आता नियम सगळ्यांना एकच. रचलेला डेटा बनवणारं साधन लिहायला दोन माणसं महिनाभर लावली आहेत.

२ जून

कोल्हापूरचा सहकारी रुजू झाला. त्याची नोटीस महिन्याचीच होती. लॅपटॉप इथून पाठवला नाही, ईओआरमार्फत तिथेच विकत घेतला. वॉरंटीची दुरुस्ती गावात होते आणि कस्टमची भानगड राहत नाही. इन्व्हर्टर आणि दुसऱ्या इंटरनेट जोडणीचे पैसे कंपनी देते. जूनमध्ये कोल्हापुरात वीज जाणार, हे कुणी वेगळं सांगायला नको.

पहिल्या दिवशीच त्याने अडचण दाखवली: आमच्या विकीची, म्हणजे टीमच्या सामायिक माहितीसंग्रहाची, निम्मी पानं जर्मनमध्ये. यार्डातल्या जागावाटपाचे नियम, जे या सॉफ्टवेअरचं काळीज आहेत, ते पूर्ण जर्मनमध्ये, आणि त्यातलेही महत्त्वाचे अपवाद आमच्या सर्वांत जुन्या सहकाऱ्याच्या डोक्यात. ते पुढच्या वर्षी निवृत्त होतायत. आजपासून ते रोज तासभर बोलणार, हा ऐकून इंग्रजीत लिहिणार आणि लिहिलेलं ते तपासणार. दोघांनाही ही कल्पना आवडली. रीफर कंटेनर, म्हणजे वीज लागणारे थंड डबे, ठेवायच्या जागेबद्दलचे जे नियम आज लिहून निघाले ते मलाही पहिल्यांदाच कळले.

२१ जुलै

पनवेलची सहकारी आज रुजू झाली. पुण्याचा उमेदवार आला नाही, जुन्या कंपनीने थांबवून घेतलं. त्याने फोन करून स्वतः सांगितलं. जागा पुन्हा उघडली.

२५ ऑगस्ट

परवा गणपती. रजांचं वेळापत्रक भरताना परत वाद झाला, आणि तो संपला याचं मला फार समाधान आहे.

ईओआरच्या मसुद्यात महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याप्रमाणे रजा होत्या: आठ नैमित्तिक, आठ सणांच्या सुट्ट्या, आणि वीस दिवस कामामागे एक या हिशेबाने भरपगारी. कायदेशीर, चोख. पण हॅम्बुर्गमध्ये आम्ही ३० दिवस देतो आणि आजारपणात सहा आठवडे पूर्ण पगार मिळतो. एकाच टीममध्ये एकाला ताप आला तर तो घरी झोपतो आणि दुसरा नैमित्तिक रजेचे उरलेले दिवस मोजतो? आज लेखी मान्य झालं: ३० दिवस सगळ्यांना, आजारपणाचा नियमही तोच. सणांच्या सुट्ट्या ज्याच्या त्याच्या राज्याच्या. १ मे दोन्हीकडे एकदम.

गौरी-गणपतीच्या दिवसांत रिलीज ठेवायचं नाही, असं कॅलेंडरवर एका जर्मन सहकाऱ्यानेच आडवं लिहून टाकलंय.

१२ सप्टेंबर

सुरक्षा तपासणीसाठी एक खरा फ्रीलान्सर घेतोय, नाशिकचा. याचे अनेक ग्राहक आहेत, वेळ त्याची, हत्यारं त्याची, काम ठरलेलं. याला कर्मचारी करणं त्याच्याच तोट्याचं. तो १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम ४४एडीएखाली कर भरतो: जवळपास सगळे पैसे बँकेतून येत असतील तर ७५ लाखांपर्यंतच्या व्यवसायात निम्मी जमा हे उत्पन्न धरलं जातं. निर्यातीवर जीएसटी शून्य, त्यासाठी त्याने एलयूटी हे हमीपत्र भरलेलं आहे. बँकेच्या कागदावर पर्पज कोड, म्हणजे पैसे कशासाठी आले ते सांगणारा क्रमांक, बरोबर यावा म्हणून आमच्याकडून पैसे पाठवताना कामाचं वर्णन नेमकं लिहायचं, एवढंच त्याने मागितलं.

करारात मात्र सावध राहावं लागलं. फ्रीलान्सरच्या कृतीचा हक्क आपोआप आमचा होत नाही. लेखी हस्तांतरण हवं, आणि त्यात मुदत लिहिली नाही तर कायदा ती पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत, आणि वर्षभरात हक्क वापरला नाही तर तो मूळ लेखकाकडे परत जातो, वेगळं ठरवलेलं नसेल तर. कॉपीराइट कायद्याचं कलम १९. 'सर्व हक्क आमचे' हे आमच्या जर्मन नमुन्यातलं वाक्य इथे पुरेसं नव्हतं. तिन्ही गोष्टी स्पष्ट लिहिल्या. परदेशातून भारतात काम देणाऱ्या ओळखीच्या सगळ्यांना मी हे कलम वाचायला पाठवलंय.

२७ ऑक्टोबर

घड्याळं मागे आली. स्टँडअप परत साडेनऊला. पुण्याच्या जागेवर रत्नागिरीची एक मुलगी आली आहे, दिवाळी करून आजच रुजू झाली.

यार्डाच्या नियमांचं इंग्रजी पुस्तक तयार आहे. निवृत्त होणाऱ्या सहकाऱ्याने मुखपृष्ठावर स्वतःच्या आधी कोल्हापूरच्या सहकाऱ्याचं नाव घातलं.

२४ नोव्हेंबर

शुक्रवारी, २१ तारखेला, भारतात चारही कामगार संहिता लागू झाल्या. २९ जुने कायदे त्यांत सामावले. ईओआरला आजच यादी पाठवली. वेतनाची व्याख्या बदलली आहे, मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून कमी भरले तर कमी पडणारी रक्कमही वेतनात धरली जाते. आमच्या तिघांचं मूळ वेतन तेवढं आहे, तरी फोड पुन्हा तपासायची. मुदतीच्या करारावरच्या माणसाला आता पाच वर्षांऐवजी एका वर्षानंतर ग्रॅच्युइटी आहे. आमचे तिघं कायम करारावर आहेत, पण त्यांना पाच वर्षं थांबायला का लावायचं, हा मुद्दा मी डिसेंबरच्या बैठकीत ठेवतेय. वित्तप्रमुखांनी या वेळी स्वतःच विचारलं की तरतूद कितीची करू.

चौथ्या जागेचा प्रस्तावही त्याच बैठकीत. पनवेलच्या सहकाऱ्याला टीम लीड करायचं आणि मुलाखती तिने घ्यायच्या, हॅम्बुर्गमधल्या जागेच्यासुद्धा.